खाडाखोड नको

“पिनकोड चुकलाय, बाई,” आई म्हणाली. “शेवटचे दोन आकडे इकडचे तिकडे झालेत.”

काउंटरपलीकडच्या मॅडमनी कागदावरून मान वर केली. कागद त्यांच्याकडे तोंड करून पडला होता. आईच्या बाजूनं तो उलटा होता आणि मध्ये काच होती.

“आजी, तुम्हाला उलटं वाचता येतं?”

“सुलटंही येतं.”

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मला थोडा अभिमानही वाटला. मग मॅडमनी फाइलमधला तिसरा कागद ओढला. ते प्रतिज्ञापत्र मीच नोटरीकडून करून आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की मी, श्रीमती इंदुमती महादेव आवटी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार मिरज, सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की मी कधीही शाळेत गेलेले नाही व मला लिहिता-वाचता येत नाही. खाली डाव्या अंगठ्याचा निळा ठसा होता. ठसा फार सुरेख उठला होता.

मॅडमनी तो कागद पूर्ण वाचला. मग आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ.

ही दोन हजार बाराच्या मार्चमधली गोष्ट. माझी मोठी बहीण, शैला, आमची अक्का, मेलबर्नला असते. तिच्या पोटात गाठ निघाली होती आणि वीस एप्रिलला ऑपरेशन ठरलं होतं. गाठ कसली आहे ते पोट उघडल्यावर कळणार होतं. तेवीस वर्षांत अक्कानं आईला कधी ‘ये’ म्हटलं नव्हतं. सारखी ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणायची. या वेळी ती फोनवर म्हणाली, “आई, तू येशील का?” आईनं फोन ठेवला, कुकरच्या तीन शिट्ट्या होऊ दिल्या, गॅस बंद केला आणि मला विचारलं, “पासपोर्ट किती दिवसांत मिळतो?”

मी तेव्हा बँकेत होतो. माणूस जो आहे म्हणतो तो आहे की नाही, हे कागदावरून ठरवणं हेच माझं काम. आईचा अर्ज भरायला मला पंचवीस मिनिटं लागली. अडलं फक्त जन्मतारखेच्या पुराव्याशी. रेशनकार्डावर आणि निवडणूक कार्डावर जन्मसाल एकेचाळीस होतं, पण नुसतं साल. तारीख कुठंच नव्हती. शिकलेल्याला शाळेचा दाखला लागायचा, निरक्षराला नुसतं प्रतिज्ञापत्र चालायचं.

“शाळेचा दाखला?” मी विचारलं होतं.

“आम्हाला कुठली शाळा!” आई म्हणाली होती आणि शब्दकोड्यातला आडवा सतरा भरला होता. पेननं.

सकाळी माझ्याआधी पेपर वाचणाऱ्या आणि कोडं पेननं सोडवणाऱ्या बाईचं निरक्षर असल्याचं प्रतिज्ञापत्र मी करून घेतलं आणि मला त्यात काहीही खटकलं नाही. तपासणी परक्या माणसांची करायची असते, अशी माझी समजूत होती. मिरजेहून पहाटेच्या गाडीनं आम्ही पुण्याला आलो, साडेअकराचा टोकन नंबर घेतला, आईचा फोटो निघाला, बोटांचे ठसे निघाले, आणि दुसऱ्या काउंटरवर तिनं पिनकोड दुरुस्त केला.

मॅडमच्या समोरच्या पाटीवर ‘ढोबळे’ असं नाव होतं. त्यांनी आवाज खाली आणला.

“आजी, खरं सांगा. शाळेत गेला होतात?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. रांगेत मागं उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. मग ती सरळ बसली.

“सातवी फायनल पास. केंद्रात पहिली आले होते.”

“मग दाखला असेल.”

“असेल.”

“असेल म्हणजे?”

“आहे.”

ढोबळेबाईंनी प्रतिज्ञापत्राची घडी घातली आणि काचेखालच्या फटीतून माझ्याकडे सरकवली. “हा कागद मी पाहिलेला नाही. तुम्ही आणलेलाच नाही. काय करता तुम्ही?”

“बँकेत आहे.”

“अरे वा,” ढोबळेबाई म्हणाल्या. “दाखला घेऊन या. चारच्या आत आलात तर हीच फाइल चालेल. नाहीतर नवीन तारीख घ्या.”

“नवीन तारीख कधीची मिळेल?”

“सध्या महिनाभर वाट आहे.”

महिना, त्यावर पासपोर्ट, त्यावर व्हिसा. मी बोटांवर मोजलं. आईनं मोजलं नाही, ती उठली.

बाहेर रस्त्यापलीकडे झेरॉक्सचं एक दुकान होतं. त्याच्यापुढं अर्ज भरणाऱ्यांसाठी बाकडं टाकलेलं होतं. एक वाजत आला होता. आई बाकावर बसली आणि मी उभ्यानं चिडायला सुरुवात केली.

“दाखला आहे तर बोलायचं नाही? आता मिरजेला जाऊन चारच्या आत परत यायला काय विमान आहे? आणि ते असतं तरी त्यालाही पासपोर्ट मागतील!”

“देशातल्या देशात नाही मागत,” आई म्हणाली. मग पर्समधून साडीच्या दुकानाची एक जुनी प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून वर्तमानपत्राची घडी आणि घडीतून एक पिवळा कागद. “आणलाय. लागला तर असावा म्हणून.”

मी कागद उलगडला. कडा कुरतडलेल्या होत्या, पण अक्षर वळणदार होतं. विद्यार्थिनीचे नाव, चंपावती बाळाप्पा मगदूम. जन्मतारीख, नऊ ऑगस्ट एकोणीसशे अठ्ठेचाळीस. इयत्ता सातवी उत्तीर्ण. वर्तणूक चांगली. शेरा, हुशार व नियमित.

“हा कुणाचा?”

“माझा.”

“आई, यात नाव चंपावती आहे.”

“माझंच आहे ते.”

मी तिच्या शेजारी बसलो. लग्नात नाव बदलतात हे मला माहीत होतं, आमच्या सगळ्या मामी-काकूंची बदललेली आहेत. त्यात नवीन काही नव्हतं. “बरं, माहेरचं चंपावती, सासरचं इंदुमती. पण साल? इथं अठ्ठेचाळीस, रेशनकार्डावर एकेचाळीस. अण्णांनी सात वर्षं जास्त कशी लिहिली?”

“त्यांनी काहीच लिहिलं नाही,” आई म्हणाली. “तेच तर.”

आमचे अण्णा, म्हणजे वडील, तहसील कचेरीत रेकॉर्ड कारकून होते. त्यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. कागदावर खाडाखोड झालेली त्यांना सहन व्हायची नाही. घरच्या वाणसामानाच्या यादीत चूक झाली तरी यादी पुन्हा लिहायचे. कुणी काही खोडलेलं दिसलं की म्हणायचे, “खोडलेला कागद म्हणजे भांडणाला आमंत्रण.”

“इंदुमती त्यांची पहिली बायको,” आई म्हणाली. झेरॉक्सवाल्याचं मशिन चालू होतं, म्हणून तिनं ते जरा मोठ्यानं सांगितलं. “एकेचाळीस सालची ती. बाळंतपणाला माहेरी गेली, आरगला, आणि तिथंच गेली. पोर चाळीस दिवसांची होती.”

“कुठली पोर?”

मला घरात एकच मोठी बहीण आहे, हे माझ्या थोड्या उशिरानं लक्षात आलं.

“अक्का?”

“मी आले तेव्हा दहा महिन्यांची होती. मांडवातच माझ्या मांडीवर दिली. अक्षता पडल्या, सगळं झालं. मग नाव ठेवायचं ताट आणलं. तांदूळ पसरले आणि तुझ्या अण्णांनी अंगठीनं नाव लिहायला घेतलं. मी समोर बसलेली. आमच्या वर्गात चार मुलींत एक पुस्तक असायचं, मी कायम पलीकडच्या बाजूला, त्यामुळे मला उलटं वाचायची सवय. ते अर्ध्यावर यायच्या आतच मला कळलं काय लिहितायत ते.”

“इंदुमती.”

“माझी आत्या म्हणाली, जावईबापू, हे नाव तर... तर ते म्हणाले, रेशनकार्डावर आहेच ते. खाडाखोड नको.”

ती हे कुणा तिसऱ्याच घरची हकीकत सांगावी तशी सांगत होती. मी दाखल्याची घडी सारखी करत बसलो. मृत्यूची नोंद आरगला झाली, रेशनकार्ड मिरजेचं, आणि दोन्हींची गाठ घालून देण्याचं काम ज्याचं, त्यानं ती घातली नाही. पुढं रेशनकार्डावरून निवडणूक कार्ड झालं, त्यावरून बँकेचं खातं. ते खातं मीच उघडलेलं होतं. दोन हजार एक साली आम्ही आईची साठीशांत केली, अकरा जोडपी जेवायला घातली. तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. आमचे डॉक्टर दर वेळी म्हणायचे, वयाच्या मानानं प्रकृती उत्तम आहे.

“तू कधी काही म्हणाली नाहीस?”

“सुरुवातीला वाटायचं, कुणी हाक मारली की मागं वळून बघावं, तिला बोलावतायत की मला. मग सवय झाली. आणि एक बरं होतं. शैलाच्या शाळेत आईचं नाव विचारलं की इंदुमती. लग्नाच्या पत्रिकेत इंदुमती. तिच्या पासपोर्टात इंदुमती. कुठं काही विचारायला जागा नाही. अण्णांनी मला एकदाच बजावलं होतं, पोरीला सांगायचं नाही, तिचं मन दुसरीकडे लागेल. मी म्हटलं, बरं.”

“म्हणून शाळा नाही म्हणालीस.”

“दाखला काढला की चंपावती निघणार. चंपावती निघाली की इंदुमती कोण ते निघणार. पोरीचं पोट फाडायचंय तिकडे. आत्ता तिला हे ऐकवू?”

मी बँकेतला माणूस. मी पर्याय सांगायला लागलो. दुसऱ्या शहरातलं केंद्र, दुसरा पुरावा, पुन्हा इंदुमतीच्याच नावानं नवा अर्ज. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, “आणि परत अंगठा?”

“परत अंगठाच.”

“नाही. त्या बाईंना सातवी पास सांगून बसले मी. आता परत घेणार नाही.” मग थोड्या वेळानं, “पहिली आले होते रे.”

“मग दाखला लावू. चंपावती नावानं पासपोर्ट. पण एक आहे. नाव वेगळं पडतंय म्हटल्यावर ते पेपरात जाहिरात मागतील. दोन पेपर, त्यातला एक आपल्याकडचा.”

“आपल्याकडचा म्हणजे मिरजेत येणारा?”

“हो.”

मिरजेत जाहिरातीचं पान कोण वाचतं, असं एखाद्याला वाटेल. आमच्या गल्लीत सगळे वाचतात, आणि गल्लीतल्या निम्म्या घरांतून मेलबर्नला अक्काशी बोलणं होतं. आईला हे मला सांगावं लागलं नाही.

“तिकडे किती वाजले असतील?”

“साडेसहा. संध्याकाळचे.”

“लाव फोन.”

“आई, विचार कर. ऑपरेशन झाल्यावर...”

“लाव म्हटलं ना. परक्याकडनं कळण्यापेक्षा माझ्याकडनं कळू दे.”

आई मोबाइल कानाला लावत नाही, तळहातावर घेऊन स्पीकरवर बोलते. दोन रिंग झाल्यावर अक्काचा आवाज आला. “आई? झाला का गं पासपोर्ट?”

“होतोय. तू जेवलीस?”

“आत्ता कुठं! काय झालं?”

“काही नाही. शैला, बसून ऐक. पासपोर्टावर माझं नाव जरा वेगळं येणार आहे.”

“वेगळं म्हणजे?”

मी हात पुढं केला, तिनं तो बाजूला सारला. झेरॉक्सचं मशिन नेमकं तेव्हाच थांबलं.

“इंदुमती नाही येणार,” आई म्हणाली.

मग अक्कानं विचारलं, “चंपावती येणार का?”

आईनं मोबाइल तोंडाजवळ आणला. “तुला कुणी सांगितलं?”

“अण्णांनी.”

“कधी?”

“माझा पासपोर्ट काढला तेव्हा. एकोणनव्वद साली. जन्माचा दाखला आणायला आम्ही आरगला गेलो होतो. जन्माच्या रजिस्टरजवळच मृत्यूचं पडलेलं होतं. मी उघडलं. तारीख जवळचीच होती.”

“आणि तेवीस वर्षं बोलली नाहीस?”

“अण्णा म्हणाले, आईला सांगू नको. तिला वाटेल तू हातची गेलीस.”

आई बाकावर मागं टेकली. मी तेवढ्यात हिशेब लावून पाहिला. आमच्या रेकॉर्ड कारकुनानं एकाच कागदाच्या दोन प्रती केल्या होत्या, दोघींना एकेक दिली होती, आणि एकमेकींना दाखवायची मनाई केली होती. कुठंही खाडाखोड नव्हती.

“अरूला माहीत आहे का?” अक्कानं विचारलं.

“त्याला आत्ता कळलं. शेजारी बसलाय.”

“त्याला सगळं उशिराच कळतं,” अक्का म्हणाली. मग तिचा आवाज लहान झाला. “आई, तू आलीस की नावाचं बघू. मला भीती वाटतेय गं. लवकर ये.”

“येते,” आई म्हणाली. “चारच्या आत आत जायचंय. ठेव फोन. आणि जेव.”

फोन ठेवल्यावर तिनं डोळ्यांना पदर लावला, पण एकदाच, आणि तोही चष्मा पुसायच्या निमित्तानं. मग मला म्हणाली, “त्या दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढ. बाजूची कड दुमडू नको.”

सव्वातीनला आम्ही पुन्हा ढोबळेबाईंच्या काचेपुढं होतो. त्यांनी दाखला उजेडाकडे धरून पाहिला.

“हुशार व नियमित,” त्या म्हणाल्या.

“होय,” आई म्हणाली.

मी सांगायला लागलो, की लग्नात नाव बदललं, की सालाचा जो घोटाळा आहे तो असा... त्यांनी हात वर केला. “हे लग्नातलं नाव बदलणं मी रोज ऐकते. नवीन प्रतिज्ञापत्र करा, या वेळी खरं. दोन पेपरांत जाहिरात, कात्रणं आठ दिवसांत आणून द्या. फाइल मी याच नंबरवर ठेवते.” त्यांनी अर्जाची छापील प्रत पुढं घेतली आणि लाल पेनचं टोपण काढलं. “जन्मनाव चंपावती, तेच ठेवू. हे इंदुमती मग मी खोडते.”

“खोडू नका, बाई,” आई म्हणाली.

पेन थांबलं.

“दाखल्यावर नाही ना हे नाव. पुढं तुम्हालाच त्रास. प्रत्येक ठिकाणी विचारतील, इंदुमती कोण.”

“विचारू देत. सांगेन.”

“पण कशाला आजी?”

“ती पण येणार आहे,” आई म्हणाली. “पोर चाळीस दिवसांची टाकून गेली ती. बघायचं राहिलंय तिचं.”

ढोबळेबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी पाहिलं होतं तसं नाही. मी मान हलवली, कशासाठी ते मलाही नीट माहीत नव्हतं. त्यांनी पेनला टोपण लावलं, दुसरं, निळं पेन घेतलं, आणि अर्जातल्या एका रिकाम्या चौकटीवर टेकवलं. “दुसऱ्या कुठल्या नावानं ओळखलं जातं का, असा रकाना आहे इथं. तिथं घेते. उर्फ म्हणून येईल. तुमचं वर, तिचं खाली, असंच ना?”

“असंच. आणि बाई...”

“काय?”

“तो पिनकोड.”

“केला हो दुरुस्त,” ढोबळेबाई म्हणाल्या.

जाहिराती आल्या. गल्लीनं त्या वाचल्या, आणि पहिल्या दिवशी अकरा जणांनी अक्काला फोन केला. प्रत्येकाला ती “मला माहीत आहे” म्हणाली. अकराच्या अकरा जण नाराज झाले. आई अठरा एप्रिलला पोचली, वीसला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आणि अक्का आज सत्तावन्नाव्या वर्षी मला फोनवर चालायला जा म्हणून ओरडते. आईचं वय एका कागदानं सात वर्षांनी उतरलं. एसटीचं अर्धं तिकीट मध्ये काही महिने गेलं आणि डॉक्टरांनी प्रकृतीचं कौतुक करणं कायमचं थांबवलं. माझ्या बँकेतलं तिचं खातंही मी दुरुस्त करून घेतलं, अर्थात सुट्टीच्या दिवशी नाही, सगळ्यांसमोर.

पण हे सगळं नंतरचं. पासपोर्ट आला तो शनिवार होता. पोस्टमननं सही मागितली आणि मी पुढं झालो, तर आईनं त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतः सही केली. पूर्ण नावानं, वळणदार, चंपावतीच्या शेवटच्या वेलांटीला जरा जास्तच गिरकी देऊन. मग ती खुर्चीत बसली आणि तिनं पाकीट फोडलं. सगळी पानं उलटून पाहिली, कोरीसुद्धा. शेवटी पहिल्या पानावर आली. फोटो, त्याच्याशेजारी तिचं नाव, आणि उर्फ म्हणून दुसरं.

आमच्या घरी इंदुमतीबाईंचा एकही फोटो नाही. असेल तर तो कुठं गेला हे अण्णांनाच माहीत.

“नावं दोन आहेत,” मी म्हणालो. “फोटो मात्र एकच.”

आईनं पासपोर्ट डोळ्यांजवळ धरला, फोटोवरून अंगठा फिरवला.

“माझाच चालवून घेईल ती,” आई म्हणाली. “इतकी वर्षं मी तिचं नाव चालवलंच की.”